पाच टक्क्यांचा आकडा आणि सेलूचा मोंढा

दक्षिण आशियातल्या देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे. सार्कवर, भारताच्या शेजारधोरणावर किंवा प्रादेशिक सहकार्यावर सिनॉप्सिस लिहायला बसलात की हे वाक्य पहिल्या तासाभरात तुमच्या हाती लागतं. त्याच्यामागोमाग बाकीची वाक्यं आपोआप येतात: सार्क अपयशी ठरली, कारण भारत-पाकिस्तान वाद, उपाय म्हणजे राजकारण बाजूला ठेवून आर्थिक सहकार्य वाढवणं. शीर्षकही ठरलेलं असतं, 'समस्या आणि भवितव्य'. झाला सिनॉप्सिस तयार.

ह्यातलं काहीच खोटं नाही. अडचण अशी की ह्यात शोधण्यासारखं काही उरत नाही. ज्याचं उत्तर पहिल्याच पानावर लिहून ठेवलंय, त्यावर पुढची चार-पाच वर्षं तुम्ही नेमकं काय करणार?

म्हणून ह्या लेखात मी दोन गोष्टी तपासणार आहे. हा आकडा घराघरात पोहोचवणारा जागतिक बँकेचा अहवाल, आणि तो आकडा आपण ज्या पद्धतीनं वापरतो ती सवय. तपासायची जागा घेतोय सेलू. सेलू आणि मानवत ही परभणी जिल्ह्यातली कापसाची जुनी, नावाजलेली बाजारपेठ. शेजारी देशांच्या सहकार्याचा अभ्यास दिल्ली, ढाका, काठमांडूतच करायचा असतो असं तुम्हाला वाटत असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

अहवाल काय म्हणतो

जागतिक बँकेनं 2018 मध्ये दक्षिण आशियातल्या व्यापारावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. संपादक संजय कथुरिया. शीर्षकाचा भाव असा, की पेला अर्धा भरलेला आहे. मांडणी थोडक्यात सांगतो. शेजाऱ्यांमधला व्यापार सुमारे 23 अब्ज डॉलरचा आहे, तो 67 अब्ज डॉलरपर्यंत जाऊ शकतो. पूर्व आशिया आणि प्रशांत भागात आपसातला व्यापार सुमारे 50 टक्के आहे, आपल्याकडे 5. भारताला शेजारच्या पाकिस्तानपेक्षा दूरच्या ब्राझीलशी व्यापार करणं सुमारे 20 टक्के स्वस्त पडतं. अडथळे चार: आयातकर आणि त्याच्यावर लावलेले छुपे कर, करांव्यतिरिक्तचे नियम, दळणवळणाचा खर्च आणि परस्पर विश्वासाचा अभाव.

आधी अहवालाचं श्रेय. त्यातला भारत-बांगलादेश सीमेवरच्या 'बॉर्डर हाट'वरचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. 2011 च्या जुलैत मेघालयात कलाईचर इथं पहिला हाट सुरू झाला. दोन्ही बाजूंची माणसं येतात, भाजीपाला, कपडे, घरगुती सामान विकतात-घेतात आणि परत जातात. आपल्या आठवडी बाजारासारखाच, फक्त भोवती कुंपण आणि पहारा. इथं अहवाल लाखो-कोटींच्या आकड्यांवरून खाली उतरतो आणि माणसाला विचारतो, तुझ्या कमाईत काय फरक पडला? हा प्रश्न त्यानं सगळीकडे विचारायला हवा होता, ही माझी पहिली तक्रार.

कच्चा माल पिकवणारा शेतकरी ह्या मांडणीच्या केंद्रस्थानी नाही. ग्राहकाला वस्तू स्वस्त मिळते, निर्यातदाराला बाजार मिळतो, देशाला वाढ मिळते. पण सेलूच्या मोंढ्यात गाडी उभी करून भावाची वाट बघणाऱ्याला काय मिळतं, ह्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

टक्केवारीचं गणित

दुसरी तक्रार अहवालापेक्षा आपल्या वाचनाबद्दल जास्त आहे. पाच टक्के हा आकडा म्हणजे 'सहकार्य किती झालं' ह्याचं माप असं आपण धरून चालतो. ते तसं नाही.

एक काल्पनिक हिशेब करू. समजा, भारतानं बांगलादेशाला 100 रुपयांची रुई विकली. बांगलादेशानं तिचे शर्ट शिवून युरोपात 400 रुपयांना विकले. दोन्ही देशांची मिळून निर्यात 500, त्यात आपसातली 100, म्हणजे 20 टक्के. आता बांगलादेशाच्या कारखान्यांनी काम सुधारलं, त्याच रुईचे शर्ट 900 रुपयांना गेले. एकूण निर्यात 1000, आपसातली 100, म्हणजे 10 टक्के. रुई तितकीच गेली, दोन्हीकडची माणसं कामाला लागली, जास्त पैसा ह्या प्रदेशात आला. आणि टक्केवारी निम्म्यावर आली!

ज्या प्रदेशाचा शेवटचा ग्राहक बाहेर आहे, तिथं हे होणारच. बांगलादेशात कापूस नावापुरता पिकतो. जवळजवळ सगळी रुई बाहेरून येते. भारत, ब्राझील, अमेरिका, पश्चिम आफ्रिकेतले देश हे तिचे पुरवठादार. गेल्या दशकात बांगलादेश भारतीय रुईच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक झाला. शिवाय तो आपलं सूतही घेतो. ही साखळी चांगली चालली की टक्केवारी उलट कमी दिसू शकते. पूर्व आशियात एखाद्या यंत्राचे सुटे भाग चार-पाच सीमा ओलांडतात आणि दर वेळी मोजले जातात, त्यामुळे तिथली टक्केवारी फुगते. दोन्ही आकडे शेजारी ठेवून 'बघा आपण किती मागे' असं म्हणणं म्हणजे क्विंटल आणि गाठी एकाच रकान्यात लिहिण्यासारखं आहे.

अहवालाच्या लेखकांना हे कळत नाही असं नाही. म्हणूनच ते 23 आणि 67 अब्जांचा अंदाज देतात, तो गुरुत्वाकर्षणाच्या मॉडेलवरून काढलेला असतो. देशांचा आकार मोठा आणि अंतर कमी, तर व्यापार जास्त असायला हवा, हे त्या मॉडेलचं सूत्र. पाच टक्क्यांपेक्षा हे माप नक्कीच बरं. पण आपण प्रबंधात उचलतो ते पाच टक्केच, कारण ते लक्षात राहतं.

कर शून्य, दार बंद

आता त्या चार अडथळ्यांकडे येऊ. पहिला अडथळा कर. 'साफ्टा' करारावर 2004 च्या जानेवारीत इस्लामाबादला सह्या झाल्या, 2006 पासून तो लागू झाला. 2011 च्या नोव्हेंबरमध्ये भारतानं सार्कमधल्या अल्पविकसित देशांसाठी आणखी पुढचं पाऊल टाकलं: दारू-तंबाखूसारख्या 25 बाबी सोडून बाकी सगळ्या मालावरचा आयातकर काढला. बांगलादेशी शर्टावरचा कर त्यामुळे शून्यावर आला.

आणि 2025 मध्ये काय झालं ते बघा. ढाक्यात 2024 च्या ऑगस्टमध्ये सत्तापालट झाला होता, संबंध ताणले होते. 8 एप्रिल 2025 ला भारतानं बांगलादेशाला दिलेली, आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात माल पाठवण्याची सवलत काढून घेतली. 13 एप्रिलला बांगलादेशानं बेनापोलसह जमिनीवरच्या नाक्यांवरून भारतीय सूत घेणं थांबवलं. 17 मे रोजी भारतानं ठरवलं की बांगलादेशी तयार कपडे फक्त न्हावा-शेवा आणि कोलकाता ह्या दोन बंदरांतूनच येतील. ह्या तिन्ही निर्णयांत कराच्या दराला कोणी हातही लावला नाही. फक्त दार बदललं. ट्रकनं नाक्यावरून सहज येणारा माल आता बोटीनं वळसा घालून मुंबईजवळ उतरवायचा.

माझ्या मते अहवालाची खरी उणीव इथं आहे. विश्वासाचा अभाव हा त्यानं चारांपैकी एक अडथळा म्हणून मोजला. पण बाकीचे तीन दूर केले तरी हा एक पुरेसा असतो. दार उघडं आहे की बंद, ह्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की उद्या उघडं असेल ह्याची खात्री आहे का. व्यापारी कमी भाव देतो तो ह्या अनिश्चिततेचा. पुढच्या महिन्यात सूत सीमेपलीकडे जाईल की नाही हे सूतगिरणीला माहीत नसेल, तर ती रुई जपून घेते. जिनिंगवाला मग कापूस जपून घेतो. ह्या साखळीत मागे सरायला जागा नसते ती फक्त शेवटच्या माणसाला.

दार बंद करणारा नेहमी शेजारीच असतो असं समजू नका. 5 मार्च 2012 ला भारतानं एका अधिसूचनेनं रुईची निर्यात थांबवली. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनी आपल्याला विश्वासात घेतलं नाही असं जाहीरपणे सांगितलं आणि आठवडाभरात निर्णय मागे घ्यावा लागला. कांद्याचं तर सांगायलाच नको. 2019, 2020 आणि 2023, तीन वेळा निर्यातबंदी आली. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये शेख हसीना दिल्लीत एका कार्यक्रमात हसत हसत म्हणाल्या होत्या की आचाऱ्याला बिनकांद्याचा स्वयंपाक करायला सांगितलाय. आपल्याकडे ते विनोद म्हणून छापून आलं. प्रादेशिक सहकार्याच्या अभ्यासकानं त्याची नोंद वेगळी करायला हवी: पूर्वसूचना न देता पुरवठा थांबवणारा शेजारी, अशी आपली ओळख तिकडे होत होती.

'देश' म्हणजे नेमकं कोण?

तिसरी तक्रार जवळजवळ सगळ्याच लिखाणाबद्दल. भारताचा फायदा, बांगलादेशाचा तोटा, पाकिस्तानची भूमिका. जणू देश म्हणजे एकच माणूस आणि त्याला एकच खिसा.

कापसाच्या साखळीत ही भाषा टिकत नाही. सेलूच्या शेतकऱ्याला निर्यात चालू हवी, कारण गिऱ्हाईक वाढलं की भाव टिकतो. दक्षिणेतल्या सूतगिरणीला रुईची निर्यात कमी असलेली चालते, म्हणजे तिला रुई स्वस्त मिळते. सुताची निर्यात मात्र जोरात हवी. बांगलादेशातल्या सूतगिरण्यांना भारतीय सूत नको असतं, ते त्यांच्या धंद्यावर येतं. तिथल्या कपडे शिवणाऱ्या कारखान्यांना तेच सूत स्वस्तात हवं असतं. म्हणजे ढाक्याचा सूतगिरणीवाला आणि सेलूचा शेतकरी ह्यांचं रुईच्या बाबतीत हित एका बाजूला येतं, आणि सेलूचा शेतकरी व कोइमतूरची गिरणी समोरासमोर उभी राहतात. सीमारेषा ह्या हितसंबंधांच्या मधून जात नाही, ती त्यांना आडवी छेदते.

2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर जादा कर लावला. कापड उद्योगाला दिलासा म्हणून 19 ऑगस्टला केंद्रानं रुईवरचा 11 टक्के आयातकर आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि नंतर 31 डिसेंबरपर्यंत माफ केला. नेमकी तीच आपल्याकडची वेचणी सुरू होण्याची वेळ. उद्योगाला आधार द्यायचा आणि त्याची किंमत कापसाच्या भावातून वसूल व्हायची, हे मराठवाड्याला नवीन नाही. शरद जोशींनी ह्याच प्रकाराला 'उणे सबसिडी' असं नाव दिलं होतं. ही संकल्पना आपण शेतीच्या अभ्यासात वापरतो आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात विसरतो. का विसरायची? प्रादेशिक करारांचा खर्च कोणाच्या खिशातून जातो हे विचारायला ती अगदी उपयोगी आहे.

राजकारण बाजूला ठेवून?

'राजकारण बाजूला ठेवून आर्थिक सहकार्य' हा सगळ्या प्रबंधांचा आवडता शेवट. सार्कची रचनाच ह्या कल्पनेवर आहे. 8 डिसेंबर 1985 ला ढाक्यात संमत झालेल्या सनदेचं दहावं कलम वाचा. निर्णय एकमतानं होतील आणि द्विपक्षीय व वादग्रस्त मुद्दे चर्चेत येणार नाहीत. म्हणजे ज्या भांडणानं घर मोडतं त्यावर घरात बोलायचंच नाही. 2014 च्या काठमांडू परिषदेनंतर शिखर परिषद भरलेली नाही; 2016 ची इस्लामाबादची परिषद उरीच्या हल्ल्यानंतर रद्द झाली.

कापसाच्या बाबतीत ह्या कल्पनेची परीक्षा झालेली आहे. 2019 च्या फेब्रुवारीत पुलवामानंतर भारतानं पाकिस्तानी मालावर 200 टक्के कर लावला, ऑगस्टमध्ये पाकिस्ताननं व्यापारच थांबवला. पुढे तिथलं कापसाचं पीक बरंच घटलं. कापड उद्योगाची मागणी होती म्हणून 31 मार्च 2021 ला पाकिस्तानच्या आर्थिक समन्वय समितीनं भारतातून कापूस आणि साखर आणायला मंजुरी दिली. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळानं ती फेटाळली. गरज होती, माल होता, मागणी करणारा वजनदार उद्योग होता, तरी निर्णय एक दिवससुद्धा टिकला नाही.

सिद्धान्त शिकताना तुम्ही अर्न्स्ट हास वाचाल. 1958 च्या त्यांच्या पुस्तकातली मांडणी अशी, की एका क्षेत्रातलं सहकार्य हळूहळू दुसऱ्यात झिरपतं. युरोपात सहा देशांनी 1951 मध्ये कोळसा आणि पोलाद एका समाईक अधिकाराखाली आणलं, तिथून ती सुरुवात. हे वाचून थांबू नका. त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं ते शेजारी मांडा. फाळणीत ताग पिकवणारी जमीन पूर्व पाकिस्तानात आणि तागाच्या गिरण्या कलकत्त्याला राहिल्या. चांगल्या कापसाचा सिंध-पंजाबचा पट्टा तिकडे आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या इकडे. 1949 च्या सप्टेंबरमध्ये भारतानं रुपयाचं अवमूल्यन केलं, पाकिस्ताननं केलं नाही, दराचा वाद पेटला आणि व्यापार बंद पडला. 1950 मध्ये मर्यादित तडजोड झाली, पण तोवर दोघांनी धडा घेतला होता: शेजाऱ्यावर अवलंबून राहायचं नाही. भारतानं ताग-कापसाचं क्षेत्र वाढवलं, पाकिस्ताननं गिरण्या उभ्या केल्या. युरोपात जे कोळशाचं झालं ते इथं कापसाचं होऊ शकलं असतं का? हा प्रश्न 'सार्क का अपयशी ठरली' ह्यापेक्षा कितीतरी जिवंत आहे, कारण त्याचं उत्तर आधीच ठरलेलं नाही.

मग सेलूत बसून काय अभ्यासायचं?

टीका करून थांबणं सोपं. पर्याय द्यायला हवा, म्हणून काही व्यवहार्य सूचना.

प्रश्न छोटा करा. 'दक्षिण आशियातील प्रादेशिक सहकार्य' हा विषय आहे, प्रश्न नाही. '2012 ते 2025 मधल्या सीमा-निर्णयांनंतर परभणी जिल्ह्यातल्या कापसाच्या भावात आणि आवकेत काय बदल झाला?' हा प्रश्न आहे. निर्णयाच्या तारखा अधिसूचनांत मिळतात, रोजचे भाव बाजार समितीच्या नोंदींत. निर्यातीच्या आकडेवारीत रुई 5201 ह्या संकेतांकाखाली आणि सूत 5205 खाली सापडतं. दोन्ही वेगळं बघा.

आता सापळे सांगतो.

पहिला सापळा नावाचा. सेलू दोन आहेत, एक आपलं आणि एक वर्धा जिल्ह्यातलं. दोन्हीकडे कापूस येतो. भावांच्या सरकारी यादीत वर्ध्याकडची नोंद 'सिंदी(सेलू)' अशी दिसते. आकडे उतरवताना जिल्हा तपासल्याशिवाय एकही ओळ घेऊ नका.

दुसरा सापळा दिनदर्शिकेचा. बहुतेक शेतकऱ्यांचा कापूस दिवाळीच्या आसपास सुरू होऊन हिवाळ्यात विकला जातो. वर सांगितलेले बरेच निर्णय मार्च, एप्रिल, मेमधले आहेत. तेव्हा माल जिनिंगवाल्याकडे किंवा व्यापाऱ्याकडे असतो. तुम्ही एप्रिलमधले भाव तपासून 'शेतकऱ्यावर परिणाम नाही' असा निष्कर्ष काढाल, तो आकड्यांनी बरोबर आणि अर्थानं चुकीचा असेल. परिणाम पुढच्या हंगामाच्या पहिल्या भावात शोधावा लागेल.

तिसरा सापळा हमीभावाचा. सीसीआय खरेदीला उतरते तेव्हा भावाला तळ मिळतो. 2025-26 साठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव 7,710 आणि लांब धाग्याचा 8,110 रुपये क्विंटल. बाजार पडला तरी नोंदीत तो दिसणार नाही. तो दिसेल केंद्रावरच्या रांगेत, नोंदणीच्या अटींत आणि ओलाव्यामुळे परत गेलेल्या गाड्यांत. म्हणजे आकड्यांबरोबर मुलाखतीही लागतील.

चौथा सापळा मोहाचा. 'सेलूचा कापूस ढाक्याला जातो' असं लिहावंसं वाटेल. सिद्ध कसं करणार? साधारण पाच क्विंटल कापसातून 170 किलोची एक गाठ निघते, आणि तीत कोणाकोणाचा कापूस मिसळलेला असतो. ती गाठ गुजरातला किंवा तमिळनाडूला जाते, तिथं आणखी मिसळते, मग सूत होऊन बाहेर पडते. माग काढता येत नाही. काढता येतो तो भावाचा संबंध, आणि तेवढाच दावा करा.

पाचवा सापळा एकाच कारणाचा. 2025 मध्ये बांगलादेशाचे निर्णय, अमेरिकेचा कर आणि आयातकराची माफी काही महिन्यांच्या अंतरानं आली. भाव पडला तर कोणामुळे? तुलनेला दुसरं पीक घ्या, म्यानमार त्यासाठी चांगला शेजारी आहे. 2021 च्या करारानुसार भारतानं तिथून दर वर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणायचं ठरवलं, 2025-26 पर्यंत. तिथं त्याच वर्षी फेब्रुवारीत लष्करानं सत्ता घेतली होती, तरी डाळीचं दार उघडंच राहिलं. सेलूच्या मोंढ्यात तूरही येते. कापसाच्या बाबतीत शेजारी गिऱ्हाईक, तुरीच्या बाबतीत शेजारी स्पर्धक. एकाच शेतकऱ्याला एकाच वेळी सहकार्याचा फायदा आणि फटका दोन्ही बसतात. 'सहकार्य वाढलं पाहिजे' ह्या एका ओळीत हे मावत नाही.

सिनॉप्सिसच्या तयारीत असाल तर आजपुरतं एकच काम करा. वर आलेल्या तारखांपैकी कोणतीही एक घ्या. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या महिन्याभराचे, तसंच पुढच्या हंगामाच्या पहिल्या महिन्याचे सेलूचे भाव वहीत उतरवा. मग मोंढ्यात जाऊन एका अडत्याला आणि दोन शेतकऱ्यांना विचारा, त्या दिवसांत काय चाललं होतं. तीन उत्तरं तीन दिशांना जातील. ती का जातात ह्याचं कारण शोधायला लागलात की पहिल्या पानावर पाच टक्क्यांच्या वाक्याऐवजी तुमचा स्वतःचा प्रश्न येईल, आणि गाईडसमोर बसल्यावर सांगण्यासारखं काहीतरी तुमच्याकडे असेल.

पुढच्या लेखात बाजार समितीच्या भावांचा तक्ता संशोधनासाठी कसा स्वच्छ करायचा ते बघू. सुट्टीचे दिवस, आवक शून्य असलेले दिवस, किमान-कमाल-सर्वसाधारण भावातला फरक, सगळं सविस्तर.